सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर? वर्गातल्या एका चुकीवरून कृतिसंशोधन

तिसरीच्या वर्गात ‘सत्तेचाळीस’ लिहायला सांगा. पाच-सहा पाट्यांवर हमखास ७४ दिसेल. आपण दुरुस्त करतो, मुलं खोडून ४७ लिहितात, आणि पुढच्या आठवड्यात ७४ परत हजर. शिक्षक-खोलीत याची कारणं तयार असतात: घरी कोणी बघत नाही, लक्ष नसतं, दुसरीतच पाया कच्चा राहिला. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. यातल्या एकाही कारणावर मला उद्या सकाळी वर्गात काही करता येत नाही, हे लक्षात यायला वेळ लागला.

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातल्या अशा एखाद्या चुकीचा, आपणच, शिकवता शिकवता घेतलेला माग. डीएड-बीएडला आपण सगळ्यांनी ते ‘केलेलं’ असतं. रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग, ‘इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना : एक अभ्यास’. पूर्वचाचणीत सगळे नापास, उत्तरचाचणीत सगळे पास. तशी फाइल झेरॉक्सच्या दुकानातून एका दुपारी तयार होऊन मिळते, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. हा लेख त्या फाइलसाठी नाही. फाइल कशी लिहायची तेही सांगते, पण शेवटी.

मूळ कल्पना साधी आहे. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६मध्ये ‘कृतिसंशोधन’ या नावाने ती मांडली: आधी नियोजन, मग कृती, मग कृतीचं काय झालं ते तपासायचं आणि त्यावरून पुढचं नियोजन. १९५३मध्ये अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी ती शाळांमध्ये आणली, आणि १९७५च्या सुमारास इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी ‘शिक्षक हाच संशोधक’ हा आग्रह धरला. इतिहास एवढा पुरे.

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

‘मुलांची गणितातली प्रगती’ हा प्रश्न नव्हे. ‘वजाबाकी’ हाही मोठाच. ‘माझ्या वर्गातली काही मुलं ऐकलेली दोन अंकी संख्या उलटी का लिहितात’ हा प्रश्न हातात मावतो.

माझी एक कसोटी आहे. प्रश्न लिहून झाला की खाली लिहायचं: ‘यातलं मी सोमवारी काय वेगळं करू शकते?’ उत्तर सुचलं नाही तर प्रश्न बदलायचा. वाघोली-मुंढव्याकडच्या बांधकामांवर येणाऱ्या कुटुंबांची मुलं काम संपलं की शाळा सोडून जातात. हा प्रश्न मोठा आणि खरा आहे, पण एकट्या वर्गशिक्षकाच्या कृतिसंशोधनाचा नाही. त्याच मुलाने दोन आठवड्यांनी परत आल्यावर वर्गात कुठून सुरुवात करायची, हा मात्र आहे.

वेळेचंही आधीच बघा. पुण्यात जून प्रवेश, पुस्तकवाटप आणि पालखी यांत जातो. गणपतीच्या आधी-नंतर वर्ग अर्धा असतो. ऑक्टोबरात पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन, मग दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाचे नाच बसवायचे असतात. सलग सहा आठवडे मिळण्याच्या जागा दोनच: जुलैचा पहिला आठवडा ते गणपती, किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यापासून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होईपर्यंत. गणपती लवकर असतील तर दुसरी जागा धरावी.

उपायाआधी मोजणी

इथे सगळ्यांची घाई होते. उपाय डोक्यात तयार असतो, म्हणून आपण लगेच तोच सुरू करतो आणि नंतर पूर्वचाचणीचे आकडे ‘बसवतो’. आधी मोजा.

आपल्या उदाहरणात मोजणी म्हणजे वीस संख्यांचं श्रुतलेखन. पण वीस संख्या कुठल्या, हे विचार करून ठरवावं लागतं. मी अशा घेते. आठ संख्या उलटसुलट जोड्यांच्या: ४७ आणि ७४, ३६ आणि ६३, २५ आणि ५२, ३८ आणि ८३. (जोडीतल्या दोन संख्या लागोपाठ सांगायच्या नाहीत, नाहीतर मुलं सावध होतात.) चार ‘एकोण’वाल्या: २९, ४९, ६९, ७९. चार कानाला सारख्या लागणाऱ्या: शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव, ब्याण्णव. उरलेल्या चारांत १७ आणि ५० या सोप्या, आणि ४४ व ६६ या दुहेरी.

या दुहेरी संख्यांत गंमत आहे. चव्वेचाळीस उलटं लिहिलं तरी ४४च. जे मूल ४४ आणि ६६ बरोबर लिहितं पण ४७चं ७४ करतं, त्याला संख्यांची नावं येतात. त्याची अडचण फक्त अंकांच्या क्रमाची आहे. जे मूल ४४सुद्धा चुकवतं, त्याची अडचण वेगळी. एकाच कागदावर दोन वेगळे आजार दिसतात, आणि आपण दोघांनाही ‘रोज शंभरपर्यंत उजळणी लिहून आण’ हे एकच औषध देत असतो.

चाचणी एकदा घेऊन थांबू नका. सोमवारी एकदा, गुरुवारी दुसऱ्यांदा, क्रम बदलून. एखादं मूल सोमवारी उपाशी आलेलं असतं, एखाद्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या वरातीत असतं. दोन्ही दिवशी जी चूक येते ती खरी चूक.

चुका मोजताना ‘वीसपैकी अकरा’ एवढंच लिहू नका. मुलाने काय लिहिलं ते तसंच उतरवा. एका आखीव पानावर उभ्या रकान्यात मुलं, आडव्या ओळीत वीस संख्या, चौकटीत मुलाचं उत्तर. बरोबर असेल तर टिंब. हे पान भरायला तासभर लागतो, आणि सगळ्या कृतिसंशोधनातला तो सगळ्यात कामाचा तास असतो. पान लांबून बघितलं तरी चुकांचे पुंजके दिसतात.

मुलाला विचारा

पान भरलं की सहा-सात मुलं निवडा. सगळ्यात मागची नकोत, वेगवेगळ्या तऱ्हेने चुकणारी घ्या. मधल्या सुट्टीनंतर एकेकाला जवळ बसवा, एक संख्या सांगा, आणि मुलाच्या हाताकडे बघा. उत्तर नंतर बघता येईल.

मग विचारा, ‘हे कसं लिहिलंस, मला सांग बरं.’ ‘चुकलं’ हा शब्द काढायचा नाही. भुवईसुद्धा उंचवायची नाही. मुलं भुवई वाचतात. बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारायचा, म्हणजे या प्रश्नाचा अर्थ ‘चुकलंय’ असा होत नाही.

‘सत्ते म्हणजे सात, मग चाळीस म्हणजे चार.’ हे उत्तर ऐकलं की कळतं, मूल निष्काळजी नाही. ते जसं ऐकतं तसं, डावीकडून उजवीकडे, प्रामाणिकपणे लिहितंय. मराठीत सुटे आधी आणि दशक मागून बोलतात, आणि लिहिताना दशक आधी. उलटं आपण बोलतो, मूल नाही.

घरची भाषाही विचारा. हडपसर, येरवडा, कात्रजकडच्या वर्गांत कानडी, तेलुगू, हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. कानडीत ४७ला ‘नलवत्तेळु’ म्हणतात, म्हणजे चाळीस आधी आणि सात मागून. तेलुगूत ‘नलभै एडु’, तोच क्रम. इंग्रजीतही तसंच. हिंदीचं ‘सैंतालीस’ मात्र मराठीच्या वळणाचं. म्हणजे कानडी घरातल्या मुलाला शाळेत येऊन क्रम उलटा करून ऐकावा लागतो, आणि आपण त्याला ‘मराठी कच्चं’ म्हणून मोकळे होतो.

‘एकोण’ची तऱ्हा निराळी. एकोणपन्नासचं कोणी ५९ लिहितं, कोणी ५१. पहिल्याला शेवटी नऊ येतो हे माहीत आहे आणि पन्नास ऐकू आलंय, म्हणून तो पाच-नऊ जोडतो. दुसऱ्याला ‘एक’ ऐकू आला. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नाही. भरीत भर म्हणजे एकोणऐंशी, एकोणनव्वद असं करत आल्यावर ९९ला एकदम नव्याण्णव. ज्याने नियम शोधून काढला त्यालाच भाषा इथे चकवते.

हाताकडे बघण्याचं कारण वेगळं. काही मुलं ४७ बरोबर लिहितात, पण आधी उजवीकडे ७ लिहून मग डावीकडे ४ घालतात. कागदावर त्यांना पूर्ण गुण. तीन अंकी संख्या आली की हीच मुलं जागा कमी पडून गडबडतात. सेमी-इंग्रजी वर्गात आणखी एक घोळ: मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो. तुमच्या पानावर १ आणि ९ची अदलाबदल दिसली तर मूल कुठल्या लिपीत लिहितंय ते आधी बघा.

मुलांची वाक्यं जशीच्या तशी टिपून ठेवा. ‘विद्यार्थ्यास स्थानिक किमतीची संकल्पना अस्पष्ट आहे’ असं त्याचं भाषांतर करू नका. त्या वाक्यातून उपाय सुचत नाही, ‘सत्ते म्हणजे सात’ यातून सुचतो.

एक उपाय, तारखांसकट

माझं पहिलं मनापासून केलेलं कृतिसंशोधन इथेच फसलं. मी एकाच महिन्यात नवे तक्ते लावले, गट पाडले आणि गृहपाठ बदलला. मुलं सुधारली. कशामुळे, ते मला आजही सांगता येणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम उलटा करणाऱ्या मुलांसाठी माझा उपाय हा: संख्या ऐकायची, पेन्सिल खाली ठेवायची, संख्या फोडून मोठ्याने म्हणायची (‘सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात’), मग लिहायची. जोडीला जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या. ४० लिहिलेल्या लांब पट्टीवर ७ची आखूड पट्टी शून्य झाकेल अशी ठेवायची, की ४७ दिसतो. पट्टी उचलली की खालचं चाळीस परत दिसतं. तुळशीबागेतल्या खेळण्यातल्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणीही चालतात. ‘एकोण’साठी शंभराचा तक्ता जमिनीवर खडूने आखायचा आणि पन्नासच्या घरात उभं राहून एक पाऊल मागे यायचं. रोज बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. कधीपासून कधीपर्यंत ते दैनिक टाचणात (रोजच्या पाठांच्या वहीत) तारखेसह लिहून टाका, म्हणजे ‘जमेल तसं’ होत नाही.

इथे आपल्याला बालभारती आठवल्याशिवाय राहत नाही. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ उडाला. जुनी नावं काढलेली नव्हती, नवं वाचन जोडीला दिलं होतं; पण वाद मराठीच्या अस्मितेचा झाला. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं, वर्गात मोजून मात्र फार कमी बघितलं गेलं. तुमच्या वर्गात ‘चाळीस सात’ या वाचनाने फरक पडतो का, हे चार आठवड्यांत तुम्हाला कळू शकतं. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत ते कोणालाच कळत नव्हतं.

अर्ध्या वर्गाला उपाय द्यायचा आणि अर्ध्याला ‘नियंत्रित गट’ म्हणून कोरडं ठेवायचं, हे मला शाळेत पटत नाही. तुलना हवीच असेल तर एका गटाला उपाय जुलैत द्या, दुसऱ्याला ऑगस्टमध्ये. मधल्या मोजणीत फरक दिसेल आणि कोणी उपाशी राहणार नाही.

रोजच्या तीन ओळी

निरीक्षण नोंदी म्हटलं की लोक तक्ते छापतात आणि चौथ्या दिवशी ते भरणं बंद होतं. टाचणवहीच्या मागच्या पानावर तीन ओळी पुरतात: आज काय केलं, काय अनपेक्षित घडलं, उद्या काय लक्षात ठेवायचं. दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘पट्ट्या वाटण्यातच सात मिनिटं गेली.’ ‘जोडीदाराचं बघून लिहितात.’ ‘फोडून म्हणतो बरोबर, लिहितो उलटच.’ ज्या दिवशी उपाय झालाच नाही (बैठक, लसीकरण, पावसामुळे सुट्टी) तेही लिहा. चार आठवडे म्हणता म्हणता प्रत्यक्षात तेरा दिवसच उपाय झाला, हे शेवटी माहीत असायला हवं.

शेजारच्या वर्गाच्या बाईंना किंवा सरांना आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मागे बसायला बोलवा. ‘माझं शिकवणं कसं वाटलं’ हे विचारू नका, ‘छान’ असं उत्तर येईल. एकच काम द्या: ‘कोणती मुलं न बोलता नुसते ओठ हलवतात, ते बघा.’

पुन्हा मोजणी, आणि स्वतःशी खरं बोलणं

चार आठवड्यांनी परत वीस संख्या. त्याच नकोत, मी एकदा त्याच ठेवल्या होत्या आणि दोन मुलींनी मी सांगायच्या आधीच पुढची संख्या लिहिली होती. तऱ्हा तीच, संख्या नव्या: ४६-६४, ३७-७३, एकोणचाळीस, एकोणसाठ, ५५, ७७. मग तीन आठवडे उपाय पूर्ण थांबवून तिसरी मोजणी. खरी परीक्षा तीच. उपाय चालू असताना सुधारलेलं मूल सुट्टीनंतरही तसंच लिहितं का, ते तिथे कळतं.

आकडे वाचताना सरासरीवर भरवसा ठेवू नका. समजण्यापुरतं उदाहरण घेऊ: वर्गाची सरासरी तेरावरून सोळावर गेली. छान वाटतं. पण आखीव पानावर बघितलं तर बहुतेकांची दोन-चार उत्तरं सुधारलेली आणि तीन मुलं होती तिथेच, सहावर. तुमच्या संशोधनाचा विषय ती तीन मुलं आहेत. प्रत्येक मुलाची आधीची आणि नंतरची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघा. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गासाठी टी-मूल्य (सरासरीतला फरक तपासायची संख्याशास्त्रातली कसोटी) काढायची गरज नसते. अभ्यासक्रमात मागितलं असेल तर काढा, पण त्याआधी पान बघा.

मग स्वतःला अडचणीचे प्रश्न विचारा. दुसरी चाचणी नकळत सोपी झाली का? याच काळात शिकवणीतही हेच चाललं होतं का? मुलं चार आठवड्यांनी मोठी झाली, एवढ्यानेच काही सुधारलं असेल का? या प्रश्नांची पक्की उत्तरं मिळत नाहीत. म्हणून निष्कर्षात ‘हा उपाय परिणामकारक आहे’ असं न लिहिता ‘माझ्या वर्गात, या मुलांत, या चार आठवड्यांत असं दिसलं’ असं लिहावं. आणि काहीच फरक पडला नाही, तर तेच लिहावं. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत ‘आम्ही हे केलं आणि जमलं नाही’ असं एक जण उठून बोलला, की चहाच्या वेळी त्याच्याभोवती सगळ्यात जास्त घोळका असतो.

शाळेने मिळून केलं तर

एकाच शाळेतल्या दुसरी, तिसरी, चौथीच्या शिक्षकांनी हाच प्रश्न घेतला तर वेगळंच काही हाती लागतं. दुसरीत ‘वीस एक’ म्हणून शिकवलंय, तिसरीत बाई फक्त ‘एकवीस’ म्हणतात, चौथीत सर ‘ट्वेंटी वन’ म्हणतात, आणि याबद्दल तिघं एकमेकांशी कधी बोललेलेच नाहीत. अशा वेळी चूक कुठल्याच वर्गाची नसते, ती दोन वर्गांच्या मधल्या जिन्यावर असते. तिघांनी आखीव पानं एका टेबलावर पसरून तासभर बसावं. मुख्याध्यापकांनी त्या तासाची सोय करावी आणि पानांवरून कोणाला जाब विचारू नये. एकदा विचारला, की पुढच्या वर्षी सगळ्या पानांवर टिंबंच टिंबं दिसतील.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनाही सांगा. ‘घरी संख्या कशी म्हणता’ हा प्रश्न पालकांना फार आवडतो, आणि मार्केट यार्डात हिशेब करणारा बाप या विषयात आपल्याहून तयार असतो. मुलांची नावं मात्र कुठेच वापरू नका, ‘मुलगा ७’, ‘मुलगी १२’ असं लिहा. आणि चुकलेल्या पाटीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा नाही, नाव झाकलेलं असलं तरी. मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात.

आता ती फाइल

शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, कार्यपद्धती, साधने, निष्कर्ष, शिफारशी, परिशिष्ट हा साचा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला किंवा महाविद्यालयाला हवा असेल तर पाळा. वरचं सगळं केलेलं असेल तर तो दोन संध्याकाळींत भरतो. गरज म्हणून शिक्षणाचं महत्त्व सांगणारी दोन पानं नकोत, पहिल्या मोजणीचं आखीव पान लावा. परिकल्पना म्हणजे तुमचा अंदाज, एका वाक्यात. शिफारशी राज्याला करू नका. कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने काय करावं, हे आपल्या चौतीस मुलांवरून ठरत नाही. पुढच्या वर्षी तिसरी घेणाऱ्या शिक्षकाला काय सांगाल, तेवढं लिहा. परिशिष्टात नावं काढून मुलांच्या चुकलेल्या मूळ चिठ्ठ्या जोडा.

आणि ती सहावर अडकलेली तीन मुलं? माझ्या वहीत तशाच तीन मुलांपुढे एक ओळ आहे: ‘फोडून बरोबर म्हणतात, पट्ट्या बरोबर ठेवतात, लिहिताना उलटतात. दोघं डावखुरी. हात बघायचे राहिले.’ दिवाळीनंतरचा प्रश्न तो.